पोरगा एकटाच एल्कच्या शिकारीला निघालाय

सदर : रानातलं विचारा. उत्तरं : एक निवृत्त वनक्षेत्रपाल, नागपूर

प्रश्न : साहेब, माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. डेन्व्हरला नोकरी, व्हिसा एच-वन-बी. दोन वर्षं झाली, तिथल्या मित्रांबरोबर शिकारीला जातो. आम्ही हे कोणाला सांगत नाही, आमचं माळकरी घर आहे. यंदा ऑक्टोबरमध्ये तो एकटाच आठ दिवस डोंगरात जाणार म्हणतो, एल्क मारायला. गाडी थांबते तिथून पुढे पाच किलोमीटर पायी, फोनला रेंज नाही. ह्यांनी तर त्याच्याशी बोलणंच सोडलं आहे. हे कायद्यात बसतं का? आणि मी त्याला थांबवू कसं?
एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, कायद्याचं पहिले उरकतो, कारण तेवढंच सोपं आहे. बसतं. आपल्याकडे ज्याला आम्ही बेड्या घालतो, ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, म्हणजे तुमच्या मुलाच्या डेन्व्हरकडे, रीतसर परवाना काढून करता येतं. एल्क हा आपल्या सांबराच्या भावकीतलाच, पण अंगानं थोराड. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या घरात जातो. कोणत्या भागात, कोणत्या आठवड्यात, नर मारायचा की मादी, बंदुकीनं की तीरकमठ्यानं, हे सगळं तिथलं राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. तुमच्या मुलानं तो केलाच असेल.

एक गोष्ट मात्र त्याला जरूर विचारा. नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं एरवी बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. त्याच्याकडे चालू मुदतीचा शिकार परवाना असेल तर त्याला सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपली. मग कपाटात बंदूक ठेवून तो घरी निवांत झोपला असला, तरी अडचणीत येऊ शकतो. मित्राच्या नावावरची बंदूक असली तरी तेच. परवान्यावरची शेवटची तारीख तो सहज बघेल आणि सांगेल, दोन मिनिटांचं काम आहे.

आता तुम्ही म्हणाल, ह्या म्हाताऱ्याला तिथलं काय माहीत. माझी मुलगी कोलोरॅडोत असते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून दीड महिना तिच्याकडे राहिलो, तेव्हा खात्याची शिकार-नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. जावई हसत होता. ज्यानं ३४ वर्षं शिकाऱ्यांवर वनगुन्हे नोंदवले, त्यानं चष्मा लावून शिकारीचे नियम वाचावेत, ह्याची त्याला गंमत वाटली.

थांबवायचं म्हणाल, तर थांबवू नका. तो थांबणार नाही, तुम्हाला सांगणं तेवढं बंद करील. मला भीती वाटते ती त्याचीच. घरच्यांपासून चोरून रानात गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा कोणाजवळच राहत नाही.

हे मी स्वतःच्या पायावर शिकलो आहे. १९९४ चा मे महिना, पेंच. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठा गणनेआधी मचाणं बघायला निघालो होतो. गार्डला एका पाणवठ्याचं नाव सांगितलं आणि वाटेत सांबराचा ताजा माग दिसला म्हणून भलत्याच नाल्यात उतरलो. गोल गुळगुळीत दगडावरून पाय सटकला, घोटा फिरला. ऊन ४५ अंशांचं, जवळ एक लिटर पाणी. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा, तिथेच एका जांभळीखाली पडून होतो. सगळे मला सांगितलेल्या पाणवठ्यावर शोधत होते, चार किलोमीटर दुसरीकडे. सापडलो तो आमच्या वनमजुरामुळे. माझ्या डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली होती, आणि तो अर्धा ठसा त्याला नाल्याच्या रेतीत दिसला. पाणी पाजून झाल्यावर म्हणतो कसा, "साहेब, वाघ कुठी हाय थे मले मालूम रायते. तुमचंच मालूम नाई रायत." मी काय बोलणार? मान खाली घालून त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि लंगडत निघालो.

तर ताई, पोराशी भांडू नका, त्याच्याकडून एक कागद मागा. जायच्या आधीच्या रविवारी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा वही-पेन घेऊन बसा आणि त्याला सांगायला लावा. गाडी कुठे लावणार, तिथले अक्षांश-रेखांश. गाडीचा रंग आणि नंबर. तंबू कुठे टाकणार, आणि तिथे जमलं नाही तर दुसरी जागा कोणती. कोणत्या दिवशी किती वाजता बाहेर येणार. आणि ती जागा ज्या काउंटीत येते, म्हणजे आपला तालुका समजा, तिथल्या शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयाचा पूर्ण दहा आकडी नंबर. कोलोरॅडोत हरवलेल्या माणसाचा शोध घ्यायची जबाबदारी शेरीफची असते. त्यांचा ९११ हा तातडीचा नंबर नागपुरातून फिरवून तिथे लागत नाही, म्हणून दहा आकडे लागतात. हाच कागद डेन्व्हरमधल्या एखाद्या मित्राकडेही हवा. मध्यरात्री फोनवर इंग्रजीत पत्ता समजावत बसण्यापेक्षा तिथला माणूस बरा.

त्याच्याजवळ उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र असेल. नसेल तर आधी ते घ्यायला लावा, बंदुकीची दुर्बीण नंतर. तळहाताएवढं असतं. रोज रात्री "ठीक आहे" एवढा ठरलेला संदेश त्यावरून येतो, आणि संकटाचं बटण दाबलं तर जागेसकट निरोप बचाव केंद्राला जातो. वेळ ठरवून घ्या. त्याचे रात्रीचे आठ म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेआठ. आणि हेही ठरवा की एक संदेश चुकला तर तुम्ही काय करायचं. माझं मत विचाराल तर एक चुकला तर काही करू नका, थंडीत बॅटरी उतरते, दाट झाडीत संदेश अडकतो. दुसऱ्या दिवशीचाही आला नाही तर मित्राला फोन, आणि मित्रानं शेरीफला. हे आधी ठरलेलं नसलं की आई पहिल्याच रात्री साऱ्या अमेरिकेला उठवते आणि पुढच्या वर्षी पोरगा यंत्र घरी ठेवून जातो.

हे यंत्र घेऊन तो दिवाळीला नागपूरला मात्र येऊ नये. सरकारी परवानगीशिवाय अशी उपग्रह उपकरणं भारतात आणायला मनाई आहे. आपल्या विमानतळांवर परदेशी पर्यटकांनाही ह्यापायी अटक झालेली आहे.

ह्यानंतर त्याला फक्त एक प्रश्न विचारा : "मारल्यावर पुढे काय?"

गोळी झाडणं हे सगळ्यात लहान काम. मी डोळ्यांनी पाहिलं आणि पाठीवर वाहिलं म्हणून सांगतो. मुलीच्या शेजाऱ्यानं एक मादी मारली, तीही एकट्यानं जाऊन. रात्री त्याचा संदेश आला, दोन माणसं पाठवा. जावई निघाला, त्याच्यामागे मी. आम्ही पोचलो तोवर त्यानं जागेवरच कातडं सोलून चारही पाय वेगळे केले होते आणि पांढऱ्या जाळीदार कापडी पिशव्यांत घालून फांदीला टांगले होते, सावलीत, वारा लागेल असे. जनावर पडल्या पडल्या अंगातली उष्णता बाहेर काढली नाही तर मांस हाडापासून नासायला लागतं, बाहेर कितीही थंडी असो. पुढचा एक पाय माझ्या वाट्याला आला. सोळा-सतरा किलो असेल. रात्रभर टांगून गार झालेला तो पाय पिशवीसकट पाठीला लागला, तसा शर्टातून गारठा आत शिरला, आणि पाच मिनिटांत त्याच जागी घामाची धार. चढाला दम लागतो हे ठाऊक होतं. उताराला गुडघे बोलतात, हे त्या दिवशी कळलं. वाटेवर बोटभर बर्फ, खाली ओली पानं, प्रत्येक पाऊल आधी चाचपून मग टाकायचं. तीन किलोमीटरला मला अडीच तास लागले.

तुमचा मुलगा एकटा. मोठ्या नराचं हाडं काढून नुसतं मांस ९० ते १०० किलो भरतं. तंबूचं सामान वेगळं, शिंगं वेगळी. एका खेपेला २५ किलो धरले तरी मांसाच्याच चार खेपा. पाच किलोमीटरवर गाडी असेल तर पाठीवर ओझं घेऊन २० किलोमीटर आणि रिकामं परत जाणं १५, मिळून ३५. सीताबर्डीहून कामठीला पायी जाऊन परत यावं, जवळपास तेवढं. आणि इथे ते सपाट आहे. तिथे नऊ-दहा हजार फुटांवर, म्हणजे चिखलदऱ्याच्या सुमारे अडीचपट उंचीवर, हवाच विरळ. अर्धं मांस टाकून देऊ, हा पर्याय नाही. खाण्याजोगं मांस वाया घालवणं तिथे गुन्हा आहे, आणि नुसती शिंगं काढून धड टाकून येणं हा तर फार गंभीर गुन्हा. हे वाचलं तेव्हा त्या पुस्तिकेबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं. जिथे वाइल्डरनेस म्हणून जाहीर केलेलं रान आहे, तिथे १९६४ च्या कायद्यानं हातगाडीसुद्धा नेता येत नाही, चाकच मना आहे.

म्हणून खेचर किंवा घोडा घेऊन मांस उतरवून देणारा माणूस आधीच बोलून ठेवला आहे का, हे विचारा. नाही तर दोन मित्र असे हवेत, जे संदेश मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचतील. तेही नसेल तर गाडीपासून दोन किलोमीटरच्या पुढे मारायचंच नाही, कितीही मोठा नर समोर उभा असला तरी. "विचार करतो" असं म्हणाला तर त्याचा हिशेब झालेला नाही असं समजा, आणि पुन्हा विचारा.

बाकीचं भराभर सांगतो. डेन्व्हर मैलभर उंचीवर आहे म्हणून आपल्याला सवय आहे असं तो म्हणेल. तरी पहिले दोन दिवस वर नुसतं हिंडावं, डोकं दुखून ओकारी आली तर हट्ट न करता खाली उतरावं. अंगाला सुती कपडा नको. सुती एकदा भिजला की वाळत नाही आणि थंडी हाडात जाते. लोकरीचा भिजला तरी ऊब धरतो. जनावर कापताना सुरी स्वतःकडे ओढायची नाही. एकट्या माणसाला अस्वलापेक्षा त्या सुरीची भीती जास्त, कारण अंधार पडत आलेला असतो, हात रक्तानं निसरडे, बोटं गारठलेली. रक्त थांबवायचा पट्टा पिशवीच्या तळाशी नको, कमरेला हवा. कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत, ग्रिझली ही थोराड तपकिरी अस्वलं नाहीत. पुढच्या वर्षी मोंटानाला जातो म्हणाला तर मला पुन्हा पत्र टाका, ती गोष्ट वेगळी. वायोमिंगच्या वाइल्डरनेसमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाटाड्या किंवा तिथला रहिवासी सोबत घेतल्याशिवाय मोठी शिकार करताच येत नाही. आणि अमेरिकेचा नागरिक नसलेल्या बाहेरच्या माणसाला अलास्कात वाटाड्या सक्तीचा आहे. ज्यांनी हे नियम केले, त्यांनी एकेकट्यांना शोधायला रात्री काढल्या असणार.

मांस खाण्याआधी तपासून घ्यावं. तिथल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदूचा एक झिजवणारा रोग आहे, १९६७ मध्ये कोलोरॅडोतच पहिल्यांदा लक्षात आला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तपासणीत रोग निघालेलं मांस खाऊ नका असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. डोक्यातल्या गाठींचा नमुना द्यावा लागतो, काही भागांत तो सक्तीचाच आहे.

आणि बंदुकीच्या हंगामात अंगात भडक नारिंगी (किंवा भडक गुलाबी) घालावं लागतं, ५०० चौरस इंच, शिवाय डोक्यावरही. माणसाला ते कोसावरून दिसतं, एल्कला तो रंग नीट ओळखता येत नाही. संत्र्याच्या गावचा पोरगा आहे, त्यानं तरी तक्रार करू नये.

आता राहिलं ह्यांचं, म्हणजे तुमच्या यजमानांचं. मी स्वतः सावजीच्या रश्श्याचा माणूस, माळकऱ्यांना शिकवायचा मला अधिकार नाही. पण शेरीफचा नंबर लिहून घ्यायचं काम ह्यांच्याकडे द्या. अक्षर चांगलं असेल त्यांचं.


प्रश्न : माझे आजोबा १९६० च्या दशकात परवाना काढून शिकार करत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी बिबट्याचं कातडं आणि दोन सांबरशिंगं भिंतीवर आहेत. आजोबा गेल्या महिन्यात वारले. आता ते माझ्याकडे येईल. शिवाय मलाही एकट्यानं जंगलात शिकारीला जायची आवड निर्माण झाली आहे. विदर्भात परवाना कुठे मिळतो?
एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : कुठेच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. आजोबांच्या काळी रानाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत आणि पंधरवड्याच्या बोलीनं मिळत. तो जमाना गेला. वाघ-बिबट्याच्या शिकारीला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. मला ह्या आवडीबद्दल आणखी काही ऐकायचं नाही.

कातड्याचं मात्र नीट वाचा, कारण तुमच्याजवळ दिवस कमी आहेत. आजोबांच्या कागदांत मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेलं मालकी प्रमाणपत्र शोधा. बँकेच्या पासबुकांत, देवघरातल्या पेटीत, एलआयसीच्या फायलीत, जुनी माणसं कुठेही ठेवतात. वारसानं अशी वस्तू आल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं घोषित करायचं असतं. ते कार्यालय नागपुरातच आहे, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. ठेवायचं नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र असलेली वस्तू स्वतःहून जमा करता येते, मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेलच, तर कातडं इकडेतिकडे हलवण्याआधी वकील गाठा. २००३ मध्ये नोंदणीची एक मुदत दिली होती, तेव्हा कोणी अर्ज केला होता का तेही घरात विचारा. विकायचा, कोणाला भेट द्यायचा किंवा फोटो टाकून गिऱ्हाईक बघायचा विचार मनातही आणू नका. अशा प्रकरणात आम्ही गिऱ्हाईक होऊनच येत असू.


प्रश्न : रानडुकरं रातोरात हरभरा उलथून टाकतात. शेजारी म्हणतो, कुंपणाच्या तारेत लाइन सोड, दोन डुकरं पडली की बाकीची येत नाहीत. करू का?
एक शेतकरी, कुही तालुका

उत्तर : नको भाऊ. मीटरच्या तारेतून सोडलेली लाइन २३० व्होल्टची असते आणि चिकटलेल्याला सोडत नाही. असे पंचनामे मी केले आहेत. एकदा तारेला पट्टेदार वाघ होता, एकदा पहाटे पाणी द्यायला आलेला घरचाच सालदार. ज्यानं तार लावली होती तो दोन्ही वेळा बांधावर डोकं धरून बसला होता. सौर कुंपणाचा करंट थांबून थांबून येतो, झटका बसतो आणि जनावर मागे सरतं. त्यासाठी सरकारी अनुदानाची योजना आहे, वनखात्याच्या रेंज कार्यालयात विचारा. पीक खाणाऱ्या रानडुकराच्या आणि रोह्याच्या, म्हणजे नीलगायीच्या, पारधीचा परवानाही अपवाद म्हणून तिथेच अर्ज करून मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत काही करायचं नाही. नुकसानभरपाईचा अर्ज आजच्या आज टाका. आणि पंचनामा होईपर्यंत उलथलेल्या जागेवर नांगर घालू नका, खुरांच्या खुणा तशाच राहू द्या.